अकरा महिन्यांची परवानगी

पुण्यात येऊन मला चौदा वर्षं झाली आणि आत्ता राहतोय ते घर सातवं. मागच्या वर्षी मार्चमध्ये, मुलीची परीक्षा चालू असताना घरमालक काकांचा फोन आला की अ‍ॅग्रीमेंट मे महिन्यात संपतंय, मुलगा बंगलोरहून परत येतोय, तर तुम्ही दुसरं बघायला लागा. काका चांगला माणूस, डिपॉझिट सगळं परत दिलं, रंगाचे पैसेसुद्धा कापले नाहीत, आणि घर त्यांचं आहे, मुलाला लागलं तर लागलं. पण आम्ही तिथे तीन वर्षं होतो, शाळेची व्हॅन गेटपाशी यायची, बायकोचं ऑफिस वीस मिनिटांवर, वरच्या मजल्यावरच्या आजींकडे मुलगी शाळा सुटल्यावर दोन तास बसायची, आणि हे सगळं दोन महिन्यांत मोडलं. नवीन भागात आजींसारखं कोणी अजून मिळालेलं नाही, म्हणून बायकोने कामाचे तास कमी करून घेतले आणि तिचा पगारही तेवढा कमी झाला.

हे कुणाला सांगितलं की एकच उत्तर येतं, अरे मग घेऊन टाक ना एकदाचं, किती दिवस भाडं भरणार. गावी वडील म्हणतात, सासरे म्हणतात, ऑफिसमधला माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान मुलगा म्हणतो. लग्नाच्या बाजारात तर मुलाची नोकरी विचारायच्या आधी पुण्यात स्वतःचा फ्लॅट आहे का हे विचारतात, शेती असलेल्या घरातलेही विचारतात. त्यामुळे मी एकदा कागद-पेन घेऊन बसलो होतो. आम्ही राहतो तसा टू बीएचके घ्यायचा तर ८० लाख. वीस टक्के म्हणजे १६ लाख हातात हवेत, स्टॅम्प ड्यूटी आणि रजिस्ट्रेशनचे पाच-सहा लाख वेगळे, आणि उरलेल्या ६४ लाखांचं लोन साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साडेपंचावन्न हजारांच्या आसपास, म्हणजे वीस वर्षांत बँकेला एक कोटी तेहतीस लाख. त्याच घराचं भाडं आज २२ हजार आहे. घरमालकाला त्याच्या ८० लाखांवर वर्षाला मिळतात दोन लाख चौसष्ट हजार, सव्वातीन टक्के, त्यातून मेंटेनन्स आणि प्रॉपर्टी टॅक्स गेला की त्याहून कमी. म्हणजे निव्वळ हिशोबाने भाड्याने राहणं आज स्वस्त आहे, बऱ्यापैकी स्वस्त आहे. तरीही माझ्या ओळखीतले लोक धडाधड लोन काढतायत, आणि ते सगळे काही हिशोब न येणारे नाहीत. ते दर महिन्याला तीस-तेहतीस हजार जास्त मोजतायत ते एवढ्याचसाठी की मार्चमध्ये तो फोन येऊ नये. हप्त्यातला मोठा हिस्सा भीतीचा आहे असं माझं मत आहे, आणि ही भीती आपल्या कायद्यांनी आणि सरकारी धोरणांनी तयार केलेली आहे.

आता देशाचे आकडे बघा. २०११ च्या जनगणनेत देशातली ८६.६ टक्के कुटुंबं स्वतःच्या घरात राहतात आणि ११ टक्के भाड्याने, असं आलं. खेड्यात स्वतःचं घर असणारे जवळजवळ ९५ टक्के, शहरात ६९. हे वाचून वाटतं की भारत किती घरदार असलेला देश आहे. पण जनगणनेत 'स्वतःचं' म्हणजे फक्त तुम्ही भाडं देत नाही एवढंच, जमिनीचा कागद कोणी बघत नाही. त्याच जनगणनेत झोपडपट्टीतली ७० टक्क्यांच्या आसपास कुटुंबं स्वतःच्या घरातली म्हणून नोंदली गेलीत, मग तिथे पावसात पत्र्यातून पाणी येतं का, उद्या बुलडोझर येईल का, हे त्या आकड्यात कुठेच नाही. आमच्या गावच्या घराचं पण तसंच. घराच्या उताऱ्यावर आजोबांच्या चार मुलांची नावं आहेत, आई-वडील तिथे राहतात म्हणून ते कुटुंब 'स्वतःचं घर' या रकान्यात, पण त्या घराचा मला पुण्यात नोकरी करताना काय उपयोग, सणाला जाऊन यायचं तेवढाच. आणि मालकी जास्त म्हणजे देश सुखी असंही काही नसतं. रोमानियात साधारण ९५ टक्के लोक स्वतःच्या घरात राहतात, स्वित्झर्लंडमध्ये निम्म्याहून जास्त लोक भाड्याने राहतात.

मला या आकड्यांत सगळ्यात महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. १९६१ साली भारतातल्या शहरांत ५४ टक्के घरं भाड्याची होती. २०११ मध्ये ते प्रमाण २७.५ टक्क्यांवर आलं. या पन्नास वर्षांत शहरं केवढी वाढली, गावाकडून माणसं किती आली, आणि नवीन आलेल्या माणसाला पहिल्यांदा जे लागतं ते भाड्याचं घर, तर नेमकं तेच निम्म्यावर आलं. बरं २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे गेल्या दशकात काय झालं ते आपण घरांच्या जाहिरातींवरून ओळखायचं.

असं का झालं याचं उत्तर शोधायला महाराष्ट्राबाहेर जायची गरज नाही. १९४७ चा मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा आला तेव्हा युद्धानंतरची टंचाई होती, फाळणीचे निर्वासित येत होते, घरमालक मनाला येईल ते भाडं मागत होते, त्यामुळे तेव्हा कायदा गरजेचाच होता. त्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. चूक ही झाली की ती गोठवलेलीच राहिली, दहा वर्षं नाही वीस वर्षं नाही, १९९७ च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की १९४० चं भाडं आता न्याय्य म्हणता येत नाही. तोपर्यंत गिरगाव, लालबाग, परळमधल्या इमारतींची डागडुजी मालकांनी कधीच सोडून दिली होती, भाडं चाळीस-पन्नास रुपये आणि प्लास्टरचा खर्च लाखात, कोण करणार. इमारती पडायला लागल्या म्हणून १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ काढावं लागलं. आणि पागडी सुरू झाली, म्हणजे कागदावर भाडं शंभर रुपये आणि आत जायला लाखो रुपये रोख.

बिल्डरांनी यातून धडा घेतला तो सरळ होता. भाड्याला द्यायला इमारत बांधायचीच नाही, बांधायची ती विकायला. मुंबईत साठच्या दशकापासून 'ओनरशिपचा फ्लॅट' हा शब्द घरोघरी आला, १९६३ मध्ये त्यासाठी कायदाही झाला. त्याआधी मध्यमवर्गीय माणूससुद्धा चाळीत किंवा ब्लॉकमध्ये भाड्यानेच राहायचा आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नव्हता, शिक्षक, कारकून, गिरणीतला जॉबर सगळेच भाडेकरू. भाड्याने राहणं म्हणजे आयुष्यात काहीतरी राहून गेलं ही भावना त्यानंतरची आहे, जेमतेम दोन-तीन पिढ्यांची.

मालकांनी पळवाट काढली ती लीव्ह अँड लायसन्सची. भाडेकरू म्हणून ठेवायचंच नाही, फक्त राहायची परवानगी द्यायची. सरकारने १९७३ मध्ये कायदा बदलून १ फेब्रुवारी १९७३ ला ज्यांचं लायसन्स चालू होतं त्या सगळ्यांना संरक्षित भाडेकरू करून टाकलं. ज्यांना राहायला मिळालं त्यांचं भलं झालं, पण हजारो मालकांनी त्या दिवशी एक गोष्ट मनात कोरून ठेवली, की जागा दिली की गेली. आज कोथरूडमधले सत्तरीतले काका आपला दुसरा फ्लॅट बंद ठेवतात, कुलूप लावून, महिन्याला वीस हजार सोडून, ते याच भीतीने. त्यांना मी समजवायचा प्रयत्न केलाय की काका, तो कायदा आता नाही. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे, त्यात लायसन्सची मुदत संपली आणि माणूस निघाला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि तो राहील तेवढे दिवस दुप्पट पैसे द्यावे लागतात. करार रजिस्टर करणं मालकाचीच जबाबदारी आहे आणि आता ते घरबसल्या ऑनलाइन होतं. पण पंचवीस वर्षांनंतरही भीती १९७३ चीच आहे.

आणि याची दुसरी बाजू कोणी बोलत नाही म्हणून मला ती बोलायचीय. महाराष्ट्रात आज नव्याने घर भाड्याने घेणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतोच. तो लायसेन्सी असतो. त्याला जागेत कुठलाही हक्क नसतो, ठराविक काळ तिथे राहायची परवानगी असते आणि ती संपली की संपली, कारण सांगायची पण गरज नाही. एकाच रस्त्यावर एका बाजूला जुना पागडीवाला भाडेकरू आहे ज्याला वर्षाला फक्त चार टक्के वाढ आणि जवळजवळ कायमचा ताबा, आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये मी आहे ज्याला अकरा महिने. मधलं काहीच आपण बनवलं नाही. पन्नास वर्षं मालकावर अन्याय केला, मग एका दिवसात काटा पूर्ण दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवला, आणि दोन्ही वेळेला भाड्याची घरं कमीच झाली, आधी मालक देईनात म्हणून आणि आता राहणारे राहायला तयार नाहीत म्हणून.

रिकाम्या घरांचा आकडा ऐकून मला खरंच त्रास होतो. २०११ मध्ये शहरांत एक कोटी दहा लाखांच्या आसपास घरं रिकामी होती, एकट्या मुंबईत ४ लाख ८० हजार. त्याच सुमारास, २०१२ मध्ये सरकारच्याच तज्ज्ञ गटाने सांगितलं की शहरांत एक कोटी ८८ लाख घरांची टंचाई आहे आणि त्यातली ९५ टक्क्यांहून जास्त टंचाई आर्थिक दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटात आहे. म्हणजे घरं आहेत, माणसं पण आहेत, पण घर गुंतवणूक म्हणून घेतलेलं, विकताना किंमत वाढलेली मिळणार आहे, मग तीन टक्क्यांसाठी भाडेकरूची कटकट कोण घेईल, सोसायटीची एनओसी आणा, पोलीस व्हेरिफिकेशन करा, वर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटीला द्यायचे जादा पैसे, भरा. त्या चार्जेसवर सर्व्हिस चार्जच्या दहा टक्क्यांची मर्यादा २००१ पासून आहे पण कित्येक सोसायट्या आजही त्याहून जास्त घेतात आणि ते शेवटी भाड्यात आमच्याच डोक्यावर येतात.

आणि कोणाला देणार हा प्रश्न आहेच. मी नवरा-बायको-मुलगी या चौकटीतला आहे तरी आडनाव विचारल्यानंतर, मग गाव, मग 'म्हणजे तुमच्यात कोण' असं विचारल्यानंतर आवाज बदललेला मी ऐकलाय. माझ्या बरोबर काम करणारा मुस्लिम मित्र फोनवर आधीच नाव सांगून टाकतो, म्हणजे तिथपर्यंत जायचा पेट्रोलचा खर्च वाचतो. एकटी राहणारी मुलगी, घटस्फोट झालेली बाई, नॉनव्हेज खाणारे, बॅचलर, प्रत्येकासाठी वेगळं 'नाही' आहे. विकत घेताना पण हे होतं, नाही असं नाही, पण भाड्याच्या वेळी हे दर दोन-तीन वर्षांनी परत होतं, पुन्हा तीच चौकशी, पुन्हा तोच अपमान. ज्या माणसाला शहरात भाड्याने सन्मानाने राहता येत नाही तो कर्ज काढूनच सन्मान विकत घेणार, त्याला तुम्ही कुठल्या कॅल्क्युलेटरने समजावणार.

सरकारचं काय, तर सरकारने गेल्या दहा वर्षांत घर म्हणजे मालकीचं घर एवढंच धरलंय. जून २०१५ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना आली, त्यात घर घेणाऱ्याला व्याजावर २ लाख ६७ हजारांपर्यंत सबसिडी होती, मध्यम उत्पन्न गटालाही काही वर्षं मिळाली. ज्यांना घर मिळालं त्यांच्यासाठी मला आनंदच आहे, माझ्या मावसभावाला मिळालंय. पण भाड्याच्या घरांची आठवण सरकारला २०२० मध्ये झाली, कधी, तर लॉकडाऊनमध्ये लाखो मजूर रस्त्याने चालत गावी निघाले तेव्हा. ते का चालत होते, काम गेलं आणि खोलीचं भाडं द्यायला पैसे नव्हते, दहा जण एका खोलीत, तिथे थांबून करणार काय. त्या वर्षी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आली, रिकामी पडलेली सरकारी घरं भाड्याने द्यायची असं ठरलं, पण गरज केवढी आणि झालं केवढं हे बघितलं तर वाईट वाटतं.

महाराष्ट्रात तर याआधीच प्रयत्न झाला होता. एमएमआरडीएने २००८ च्या सुमाराला भाड्याच्या घरांची योजना काढली, १६० चौरस फुटांच्या खोल्या, शहरात नव्याने आलेल्या कामगारासाठी. कल्पना योग्यच होती. पण बांधून झालेल्या घरांचं पुढे काय झालं बघा, पनवेलजवळ कोन गावातली २ हजार ४१७ घरं २०१६ मध्ये गिरणी कामगारांना लॉटरीने मालकीची म्हणून गेली. गिरणी कामगारांचा हक्क मोठाच आहे, त्यांनी मुंबई उभी केली आणि त्यांची घरं मागायची लढाई अजून संपलेली नाही, त्यांना घर मिळू नये असं मी स्वप्नातसुद्धा म्हणणार नाही. पण त्यांचा हक्क पूर्ण करायला भाड्याच्या घरांचा साठा वापरला आणि मग भाड्याची घरं परत कोणी बांधलीच नाहीत, हे मात्र बरोबर झालं नाही.

बीडीडी चाळींकडे मी असंच बघतो. १९२० च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी इथे २०७ चाळी बांधल्या, १६० चौरस फुटांच्या खोल्या, कामगाराला भाड्याने द्यायला. त्याच दशकात ऑस्ट्रियात व्हिएन्ना शहराची नगरपालिकाही कामगारांसाठी घरं बांधत होती, तीही भाड्याचीच. व्हिएन्नाने बांधणं सुरू ठेवलं, आज तिथे दोन लाख वीस हजारांच्या आसपास घरं पालिकेच्या मालकीची आहेत आणि तिथे शिक्षक, ड्रायव्हर, नर्स सगळे राहतात. आपण बांधणं थांबवलं, होत्या त्या चाळी पडेपर्यंत तशाच ठेवल्या, आणि शंभर वर्षांनी तिथल्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांचं मालकीचं घर देतोय. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या ५५६ जणांना चाव्या मिळाल्या, त्यांच्या चार पिढ्या त्या खोलीत गेल्या, त्यांना ते मिळायलाच हवं होतं. माझा प्रश्न आज रात्री कुर्ल्याला किंवा कल्याणला रेल्वेतून उतरणाऱ्या मुलाबद्दल आहे, त्याच्यासाठी १६० चौरस फुटांची सरकारी खोलीसुद्धा आता कुठे नाही. तो पंचवीस चौरस फुटांच्या कॉटवर राहणार किंवा झोपडपट्टीतल्या माळ्यावर, आणि त्याचंही भाडं देणारच.

यावर एक आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. म्हातारपणी पेन्शन नाही, मुलं कुठे असतील माहीत नाही, तेव्हा डोक्यावर स्वतःचं छप्पर असणं ही आपल्या देशात बहुतेकांची एकमेव पेन्शन आहे. सत्तराव्या वर्षी टेम्पो बोलावून घर बदलायचं या कल्पनेने माझ्याही पोटात गोळा येतो. म्हणून घर घेणाऱ्याला मी नावं ठेवत नाही, जमलं तर मीही घेईन. पण पंचविशीतल्या मुलाने पहिल्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, आई-वडिलांची एफडी मोडून, शहराच्या बाहेर वीस किलोमीटरवर, पझेशन कधी मिळेल माहीत नाही अशा बिल्डिंगमध्ये पैसे अडकवायचे आणि मग घरभाडं आणि हप्ता दोन्ही एकदम भरत बसायचं, नोकरी बदलायला घाबरायचं, दुसऱ्या शहरात चांगली संधी आली तर सोडायची, ही काही म्हातारपणाची सोय नाही. आमच्याच ऑफिसात एकाला पझेशन चार वर्षं उशिरा मिळालं, ती चार वर्षं तो डबल भरत होता, या काळात त्याने मूल होणं पुढे ढकललं असं त्याने मला स्वतः सांगितलंय.

मग मला हवंय तरी काय, तर फार काही नाही. जून २०२१ मध्ये केंद्राने आदर्श भाडे कायदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला, त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांपेक्षा जास्त नको, मालकाने यायच्या आधी २४ तास सांगावं, मुदत संपल्यावर न निघणाऱ्याला पहिले दोन महिने दुप्पट आणि नंतर चौपट भाडं, वादासाठी वेगळं प्राधिकरण, अशा दोन्ही बाजूंच्या गोष्टी आहेत आणि बऱ्याच चांगल्या आहेत. पण मुदत किती आणि भाडं किती वाढवायचं हे त्यातही दोघांनी आपसात ठरवायचं, आणि ज्याला पंधरा दिवसांत घर हवंय तो आपसात काय ठरवणार. जर्मनीत निम्मे लोक भाड्याने राहतात, तिथे करार साधारणपणे बेमुदत असतो, मालकाला स्वतःला राहायला हवं असेल तर तो घर मागू शकतो पण कारण द्यावं लागतं आणि पुरेशी मुदत द्यावी लागते, आणि चालू भाडेकरूचं भाडं तीन वर्षांत २० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, टंचाई असलेल्या शहरांत १५ टक्के. भाडं गोठवायचं नाही, वाढ आधीच माहीत असावी एवढंच. आपल्याकडे निदान तीन वर्षांचा करार हा नियम व्हावा, वाढीचा दर करारातच लिहिलेला असावा, मालकाला गरज पडली तर मुलांचं शाळेचं वर्ष संपेपर्यंत तरी थांबावं लागावं, आणि याच्या बदल्यात मालकाला खात्री हवी की भाडं थकलं किंवा माणूस निघाला नाही तर निकाल काही महिन्यांत लागेल, वर्षांत नाही. कोथरूडचे काका कुलूप काढतील ते या खात्रीवर. आणि महापालिकेने, म्हाडाने दरवर्षी काही घरं फक्त भाड्यासाठी बांधावीत आणि ती कधीच विकू नयेत, कितीही दबाव आला तरी. २०२५ च्या मे महिन्यात राज्याने नवीन गृहनिर्माण धोरण आणलंय, ३५ लाख घरांचं उद्दिष्ट आहे, त्यात नोकरदार महिला, विद्यार्थी, कामगार यांच्या भाड्याच्या घरांचाही उल्लेख आहे. धोरणाचं नाव 'माझे घर, माझा अधिकार'. त्यातल्या 'माझे घर' मध्ये भाड्याचं घर धरलं जाईल का, यावर ते मला किती उपयोगी हे ठरेल.

पण हे घडवून आणणार कोण. मागच्या वेळी प्रचाराला उमेदवार सोसायटीत आले तेव्हा मीटिंग क्लब हाऊसमध्ये होती आणि सेक्रेटरींनी ग्रुपवर टाकलं होतं, फक्त ओनर्ससाठी. आमच्या बिल्डिंगमध्ये जवळजवळ निम्मे फ्लॅट भाड्याने दिलेले आहेत. त्यातल्या ज्यांना ज्यांना मी विचारलं, कोणाचं मतदार यादीतलं नाव गावी, कोणाचं तीन घरांपूर्वीच्या वॉर्डात, एका जोडप्यात नवऱ्याचं हडपसरला आणि बायकोचं लातूरला. दर दोन वर्षांनी पत्ता बदलणाऱ्या माणसाची मतं मोजायला कोण येणार, आणि मतंच नाहीत तर त्याच्यासाठी कायदा तरी कोण करणार. या वेळी मी घर बदलल्यावर गॅस आणि बँकेच्या आधी मतदार यादीतलं नाव बदलायचा फॉर्म भरला, अ‍ॅग्रीमेंटची कॉपी जोडली, आणि मजल्यावरच्या आणखी तीन भाड्याच्या घरांतल्या लोकांकडूनही भरून घेतला. सेक्रेटरींनाही लिहून दिलंय की पुढची मीटिंग राहणाऱ्या सगळ्यांसाठी ठेवा.